फुटक्या तंबोऱ्याचा खर्ज

१

मेसच्या आचाऱ्याशी खारट उपम्यावरून माझं भांडण रंगात आलं होतं, तेवढ्यात मीरा शहा धापा टाकत आली.

"बाई, चला लवकर! अण्णांचा तंबोरा फुटलाय!"

माझ्या हातातला झारा खाली पडला. मी द्रौपदी सावंत, मुलुंडच्या राष्ट्रीय संगीत पीठाच्या मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, आणि ते मी कधी लपवलेलं नाही. पण अण्णांचा तंबोरा म्हणजे काय, हे इथल्या माळ्यालाही ठाऊक आहे. आचार्य भाऊराव वालावलकर, म्हणजे अण्णा, यांनी हे पीठ काढलं. त्यांच्या तंबोऱ्यांची जोडी वरच्या पडदा-हॉलमध्ये असते, आणि वर्षातून एकदा, शेवटच्या परीक्षेला, ती जोडी लागते. ती परीक्षा आज चारला होती. शिवाय यंदा दिल्लीहून समिती येणार होती. पीठाच्या नावामागचं 'राष्ट्रीय' ठेवायचं की काढायचं, हे ती ठरवणार होती. म्हणजे वाट लागायला मुहूर्त अगदी झकास शोधला होता कोणीतरी!

वर गेले. दारात प्राचार्य चंद्रप्रकाश माथूर उभे होते. माणूस दिल्लीचा, मराठी शिकला पण घाम फुटला की हिंदी बाहेर येते.

"देखिये द्रौपदीबाई, देखिये! सत्यानाश!"

तंबोरा भिंतीलगतच्या गादीवर कुशीवर ठेवला होता. मानेखाली त्याचीच गवसणी, म्हणजे कापडी खोळ, नीट घडी करून उशीसारखी सारली होती. पुढून सगळं ठीक दिसत होतं. मी वाकून मागे पाहिलं. भोपळ्याला तळहाताएवढं भोक पडलं होतं. तडे थेट वरपर्यंत गेले होते.

वाकताना माझा पदर तारांना लागला. तीन तारा दोरीसारख्या लुळ्या हलल्या. चौथी मात्र वाजली. खोल, घोगरा आवाज त्या फुटक्या भोपळ्यातून उठला आणि हॉलभर घुमत राहिला. मेलेलं माणूस हुंकारावं तसं झालं. मीरा किंचाळली. खरं सांगते, मीही दचकले.

"दार कोणी उघडलं?" मी विचारलं.

"शिपायाने, ऑफिसच्या किल्लीने. रात्रभर कुलूप होतं. दुसरी किल्ली काल दुपारपासून एका मुलीकडे आहे. रियाजासाठी नेली आणि परत केलीच नाही," प्राचार्य म्हणाले. "तुमच्या वसतिगृहातली. राधा सोनकांबळे."

२

राधा भांडुपची. आईवडील मूळचे नांदेडकडचे. वडील गिरणीत होते, संप झाला, गिरणी गेली, आता कुठल्याशा सोसायटीच्या गेटवर वॉचमन आहेत. पोरीचा गळा असा की ती अंघोळीला गेली तरी बाकीच्या मुली बादल्या घेऊन बाहेर गप्प उभ्या राहतात. शेवटच्या परीक्षेत जी पहिली येते तिला पीठ ठेवून घेतं. खोली देतं, शिकवायला देतं, जन्माचं गाणं देतं. बाकीच्यांनी उन्हाळ्यात सामान बांधायचं. राधाचं हे शेवटचं वर्ष होतं. आज चारला तिने गायचं होतं.

ती आपल्या खाटेवर बसली होती. डोळे सुजलेले. समोर पत्र्याची ट्रंक उघडी.

"हे काय चाललंय गं?"

"सरांनी, म्हणजे प्राचार्यांनी सांगितलं, समिती यायच्या आत निघून जा. नाहीतर पोलिसांत देतो."

"आणि तू चाललीस? तू फोडलास तंबोरा?"

"नाही."

"मग किल्ली कुठाय?"

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "हरवली."

पंधरा-वीस वर्षं मुलींची वसतिगृहं सांभाळलीयेत मी. कोण सिनेमाला जाऊन आली, कोण कुणासाठी खोटं बोलतेय, हे मला नुसत्या उभ्या राहण्यावरून कळतं. स्वतःसाठी खोटं बोलणारी पोर माझ्या डोळ्यांत बघते, विश्वास बसावा म्हणून. दुसऱ्यासाठी बोलणारी जमिनीकडे बघते. राधा जमिनीकडे बघत होती.

"कुणाला दिलीस किल्ली?"

"हरवली, बाई."

"अगं बये, तुझा बाप गेटवर उभा राहून तुला इथे पाठवतो. डाग घेऊन गेलीस तर देशातलं एक गाण्याचं दार उघडायचं नाही तुला! कळतंय का?"

ती रडायला लागली. पण नाव काही सांगेना. मला इतका राग आला की ट्रंकेचं झाकण मी धाडकन लावलं आणि त्यावर बसले.

"मी येईपर्यंत ही ट्रंक हलवायची नाही. कोणी विचारलं तर सांग, रेक्टरबाईने कोंडलंय."

३

चारला अजून वेळ होता.

पहिल्यांदा मीराला धरलं. घाटकोपरच्या कापडवाल्या शहांची ही मुलगी. राधानंतर तीच. राधा गेली तर पहिला नंबर हिचाच, त्यामुळे मी जरा कडकच विचारलं.

"बाई, मी कशाला फोडू?" ती फुरंगटून म्हणाली. "उलट काल संध्याकाळी मी रियाजाला गेले तर दाराला कुलूप. राधा तर दुपारीच बाहेर पडली होती, मोकळ्या हातांनी, मी पाहिलं ना. मग मी गॅलरीच्या खिडकीतून डोकावले. आत तर एकच तंबोरा होता."

"एकच?"

"हो. दुसरा असेल कुठेतरी गवसणीत, असं वाटलं. मला काय ठाऊक असं होणार म्हणून!"

एकच तंबोरा! म्हणजे संध्याकाळी तो हॉलमध्ये नव्हताच. मी परत वर गेले, गादी झटकली, सतरंजी उचलली, कोपरे हाताने चाचपले. भोपळ्याला एवढं भोक पडलंय, मग तुकडा कुठाय? साधा भुसा नाही, सालपट नाही. तंबोरा इथे फुटलाच नव्हता. कोणीतरी तो बाहेर नेला, बाहेर फुटला, आणि राधाच्या किल्लीने कुलूप काढून परत आणून निजवला.

प्राचार्यांना सांगितलं, तर त्यांनी हात झटकले. "उसीने नेला असेल! बाईसाहेब, समितीला मी काय सांगू? आमच्याकडे चोर कोण आहे हे माहीत नाही, असं? एक मुलगी गेली तर संस्था वाचते."

"आणि ऑफिसची किल्ली तुमच्या कपाटात असते, त्याचं काय?"

त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "मुझपे शक? मी सहा वर्षांत त्या तंबोऱ्याला बोट लावलं नाही. हिंमत होत नाही माझी!"

ते खरं असावं. माथूर कागदावरचा माणूस. तंबोरा धरायचा कसा हेही त्यांना आठवत असेल की नाही, शंका होती.

जिन्यात मधुकर आजगावकर भेटले. राधाचे गुरू, पीठातले सगळ्यांत जुने शिक्षक. खांद्याला नेहमीची शबनम पिशवी, चेहरा उतरलेला. पुढचे प्राचार्य तेच होणार, असं सगळे म्हणायचे.

"मधुकरराव, मला एक सांगा. त्या तंबोऱ्याच्या तारा सैल कशा?"

"भोपळा फुटला की ताण जातो, बाई. सैल पडतातच." ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "राधा कशी आहे? जेवली का?"

"तुम्हीच जाऊन विचारा की. तुमची शिष्या आहे."

"जातो, जातो," असं म्हणून ते दुसऱ्याच बाजूला वळले.

मला वाईट वाटलं त्यांचं. बिचारे खचले, असं वाटलं. मी जिना उतरून खाली आले आणि पायरीवरच थांबले. ताण गेला म्हणून तारा सैल पडल्या, ठीक. मग माझ्या पदराला लागून ती चौथी वाजली कशी?

४

हे सांगणारं माणूस कंपाउंडच्या मागच्या बंगलीत राहत होतं, आणि तेच माझ्या संशयाच्या यादीत सगळ्यांत वर होतं. रुक्मिणीताई, अण्णांची मुलगी. जोडी आमच्या घरची आहे, घरी द्या, म्हणून त्यांनी पीठाला वकिलाची नोटीस धाडली होती. पीठात त्यांचं आणि कुणाचं धड बोलणं नव्हतं. राधाला तर त्या नावानेही ओळखत नव्हत्या.

मी गेले तेव्हा त्या डाव्या हाताने चहा ढवळत होत्या. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये.

"ये द्रौपदी. मला पकडायला आलीस ना?"

"पकडायला नाही, विचारायला आले, ताई. तो कोणीतरी बाहेर नेला होता, आणि फुटल्यावर परत आणून ठेवला."

"एकच आहे ते. माझ्या हातात तो तंबोरा एकदा गेटबाहेर आला असता, तर मी परत आणून ठेवला असता का गं? फुटका तर फुटका, उराशी धरून बसले असते!"

मला पटलंच. मी तारांचं सांगितलं. तीन लुळ्या, एक ताठ. त्यांच्या हातातला चमचा थांबला.

"ताठ राहिली ती कुठली? जाड, पिवळी, शेवटची?"

"हो. तीच."

"खर्ज," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

"हे पीठ बांधायच्या आधी अण्णा मालाडला शिकवायचे, ठाऊक आहे ना? म्युनिसिपालिटीच्या शाळेचा एक वर्ग, शाळा सुटल्यावर मिळायचा. बाकं भिंतीला लावायची नि सतरंजी टाकायची. गिरणीतली पोरं, सुताराची पोरं, बंगल्यातली पोरं, सगळी एकत्र. एकदा एका शेटने आपल्या मुलासाठी चिठ्ठी पाठवली, तेव्हा अण्णांनी आईचं हिरवं लुगडं मध्ये बांधलं आणि परीक्षकांना त्याच्या पलीकडे बसवलं. गाणारा कोण ते दिसायचं नाही. नुसता गळा ऐकायचा. मागे सूरही सगळ्यांना एकाच जोडीचा, म्हणजे कुणाचा भारी तंबोरा नि कुणाचा फुटका, हा प्रश्न नको. तिथून हा पडदा आला बघ. सरकारने जमीन दिली, राष्ट्रीय म्हटलं, आसाम-केरळातून पोरं यायला लागली, इथे शिकलेली गावोगाव शिकवायला गेली, ते सगळं नंतर. मूळ ते लुगडं."

"आणि तारांचं?"

"मालाडला जोडी ठेवायला जागा नव्हती. रोज घरून न्यायची, रोज आणायची. प्रवासात हादऱ्याने भोपळा तडकू नये म्हणून वादक तारा सैल करतात. सगळ्या. पण अण्णांची एक खोड होती. ते तीनच सैल करायचे. खर्ज तसाच ठेवायचे. म्हणायचे, घर सोडताना एक तरी माणूस जागं राहू दे. लोक हसायचे. पण मालाडची पोरं तसंच करायला शिकली. मुलुंडला आल्यावर जोडी कधी बाहेर गेलीच नाही, तसा नियमच केला त्यांनी. त्यामुळे इथल्या पोरांना हे बघायलाच मिळालं नाही."

"ताई, मालाडच्या वर्गातलं आता पीठात कोण आहे?"

त्यांनी कप खाली ठेवला. "मी. आणि मधू."

५

मधुकरराव आपल्या खोलीत खिडकीकडे तोंड करून बसले होते. मी दार लावून घेतलं. बाहेर गेटवर दिल्लीच्या पाहुण्यांसाठी रांगोळी काढत होते, त्याचा गलका ऐकू येत होता.

"फुटल्यावर तारा सैल पडल्या म्हणालात. मग खर्ज का नाही पडला, मधुकरराव?"

त्यांनी शबनम मांडीवर ओढून घेतली.

"तारा आधीच उतरवल्या होत्या. तंबोरा बाहेर न्यायचा होता म्हणून. अण्णांच्या पद्धतीने. परत आणलात तेव्हाही फुटक्या तंबोऱ्याला तुम्ही जमिनीवर टाकलं नाहीत. गादीवर निजवलंत, मानेखाली उशी दिलीत. मोडलेल्या लाकडाला एवढी माया कोण लावेल? आणि ती पोर नाव सांगत नाहीये. या अख्ख्या पीठात ती कुणासाठी इतकी गप्प बसेल?"

ते वळले. माणूस एका रात्रीत म्हातारा होतो म्हणतात ते मी त्या दिवशी पाहिलं.

"जवारी गेली होती, बाई," ते म्हणाले. "तारा ज्या घोडीवर बसतात ना, ती घासून घासून बसली की तंबोरा नुसता टणटण करतो, त्यातून सूर फुलत नाही. तिच्या परीक्षेला असा मुका तंबोरा? माझा जीव राहीना. जवारी काढणारा काशीराम मालाडला. म्हातारा अंथरुणाला खिळलाय, येऊ शकत नाही. प्राचार्यांना विचारलं असतं तर नियम दाखवला असता. म्हणून राधाकडून किल्ली घेतली. तिला म्हटलं, कुणाला सांगू नकोस."

"मग?"

"काशीरामने बसल्या बसल्या काय काम केलं म्हणून सांगू! तारा चढवून ऐकल्या आम्ही. असा बोलत होता तंबोरा! दोघंही रडलो. परत उतरवल्या, रिक्षात घेतला मांडीवर. आरे कॉलनीतून येताना म्हैस आडवी आली. रिक्षावाल्याने ब्रेक मारला. मधल्या दांडीवर..." त्यांनी शबनममध्ये हात घातला आणि रुमालात गुंडाळलेलं काहीतरी बाहेर काढलं. भोपळ्याचा तुकडा. "हा रस्त्यावर टाकवेना मला."

मला दयाही आली आणि चीडही. चीड जास्त.

"तिच्यासाठी केलंत. कबूल. आणि मग सकाळपासून ती ट्रंक भरतेय, तिला चोर म्हणतायत, आणि तुम्ही मला विचारता जेवली का?"

"मला वाटलं, लहान आहे. चार दिवस बोलतील, विसरतील. माझं... बाई, तो नियम मी मुलांना शिकवतो. समितीसमोर माझं तोंड काय राहील?"

"तिला तोंड नाही का? भांडुपच्या वॉचमनच्या पोरीला कोण विसरतं हो? चोर म्हटलं की जन्मभर चोर! तुमची फजिती एक दिवसाची. तिचं गाणं जाईल!" माझा आवाज जिन्यापर्यंत गेला असेल, जाऊ दे गेला तर. "चारला हॉलमध्ये तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगेन, आणि मला गोड बोलता येत नाही."

ते परत खिडकीकडे वळले. येतील की मागच्या दाराने निघून जातील, मला काही कळेना.

६

चारला हॉल भरला. पडद्याच्या पलीकडे समिती बसायची होती, पण अजून सगळी अलीकडेच उभी होती. प्राचार्य घाम पुसत एकच तंबोरा का, याचं काहीतरी गुळमुळीत कारण सांगत होते. मी राधाला हाताला धरून आणलं होतं. रुक्मिणीताई प्लास्टर सांभाळत पहिल्या रांगेत येऊन बसल्या, कित्येक वर्षांनी. मधुकररावांची खुर्ची रिकामी होती.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ते दारातून आले. सरळ पुढे गेले आणि रुमाल उघडून तुकडा टेबलावर ठेवला.

"तंबोरा मी नेला. माझ्या हातून फुटला. राधाने फक्त गुरूने मागितली म्हणून किल्ली दिली. दिवसभर मी गप्प बसलो. भीतीने."

प्राचार्यांनी कपाळाला हात लावला. समितीतल्या एक वृद्ध बाई म्हणाल्या, "पण नियमाप्रमाणे जोडी लागते ना? मग परीक्षा?"

"नियम जोडीचा नाही," रुक्मिणीताई बसूनच कडाडल्या. "नियम सगळ्यांना एकच सूर मिळण्याचा आहे. एक तंबोरा तर एक. सगळ्यांना तोच द्या. अण्णा असते तर हेच म्हणाले असते, मला विचारा!"

त्या बाईंनी मान डोलावली. समिती पडद्यामागे गेली.

राधाचं नाव पुकारलं नाही, तिथे नावं पुकारत नाहीत. मी तिला नुसतं पुढे ढकललं. पीठाची रीत अशी की गाणारी आधी गुरूच्या पाया पडते, मग तंबोऱ्याच्या, मग बसते. मधुकरराव वाटेतच उभे होते. ती त्यांच्यासमोर थांबली. ते किंचित पुढे झाले, आशीर्वादाला हात अर्धा उचललेला.

तिने तळहात पुढे केला.

"किल्ली, सर."

त्यांनी शबनममध्ये चाचपून किल्ली काढली आणि तिच्या हातावर ठेवली. ती मागे वळली, माझ्यापर्यंत आली आणि किल्ली माझ्या हातात दिली, सगळ्यांना दिसेल अशी. मग त्यांच्या बाजूने पुढे गेली, तंबोऱ्याला वाकून नमस्कार केला, मांडीवर घेतला आणि खुंट्या पिळून सूर लावायला लागली. त्यांचा हात तसाच अधांतरी होता. मला बघवेना.

गाणं कसं झालं ते मला विचारू नका, मला त्यातलं कळत नाही. एवढंच सांगते की पहिला षड्ज लागला आणि मीराने हातातला रुमाल तोंडात कोंबला. पडद्यामागून कितीतरी वेळ कोणी पुढच्या मुलीला बोलावलं नाही.

राधा आता इथेच शिकवते. पीठाचं 'राष्ट्रीय' टिकलं. मधुकररावांनी त्याच उन्हाळ्यात राजीनामा दिला आणि ते बोरीवलीला बहिणीकडे राहायला गेले. फुटलेल्या भोपळ्याच्या जागी नवा बसवून झाला. राधाने रुक्मिणीताईंच्या मदतीने नियमही बदलून घेतला. आता दुरुस्तीला जोडी उघडपणे बाहेर जाते, सोबत दोन मुली जातात.

परवा अशाच दोघी निघाल्या होत्या, आणि राधा त्यांना तारा उतरवायला शिकवत होती. रुक्मिणीताई कौतुकाने बघत दारात उभ्या होत्या. तीन तारा सैल झाल्या. तार उतरवणारी मुलगी थांबली, कुठूनतरी जुनी गोष्ट ऐकली असावी तिने.

"मॅडम, खर्ज ठेवायचा ना तसाच?"

राधाने खुंटीला हात घातला आणि स्वतःच पिळली. तार लुळी पडली.

"चारही," ती म्हणाली. "खर्जसुद्धा. तो त्या दिवशीही जागाच होता."